वही आणि फणी

मराठी विषय घेऊन पदवीला बसणाऱ्या विद्यार्थ्याला 'पुढे काय करायचे ठरवले आहे?' असे विचारले, की गेली काही वर्षे एकच उत्तर मिळते : स्पर्धा परीक्षा. उत्तर तेच असते, आवाज तेवढा वेगवेगळा. कुणी ते छाती पुढे काढून सांगतो, कुणी खाली बघत, कुणी विषय लवकर संपावा म्हणून. पूर्वी पंधरावीस जणांच्या वर्गात एखाददुसरा तरी 'प्राध्यापक व्हायचे आहे' असे म्हणत असे. आता तसे कुणी म्हणत नाही आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे, सेट-नेट झालेले, काही तर पीएच.डी. झालेले तरुण सहकारी मुलांच्या रोज डोळ्यांसमोर असतात. त्यांचे मानधन किती महिन्यांनी येते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते काय करतात, याची माहिती मुलांना कार्यालयापेक्षा अधिक अचूक असते.

स्पर्धा परीक्षेच्या या ओढीने मराठी विभागांना एक अनपेक्षित वर्दळ मिळवून दिली आहे, हेही नमूद केले पाहिजे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ च्या परीक्षेपासून लागू करण्याचे ठरले. या पद्धतीतही वैकल्पिक विषय आला. साहजिकच 'कोसला' हातात घेणाऱ्यांची संख्या वाढली. ती कशासाठी हातात घेतली जाते हा प्रश्न वेगळा. एके काळी पांडुरंग सांगवीकर मुलांना आपल्यातला वाटे. आजच्या वर्गात त्याच्याबद्दलचा पहिला अभिप्राय बहुधा असा येतो, 'सर, ह्याला बापाचे पैसे उडवायला मिळाले तरी.' मला हा अभिप्राय उथळ वाटत नाही. १९६३ च्या कादंबरीवर आजच्या मुलांनी केलेली ती वर्गीय टीका आहे, फक्त तिला समीक्षेची परिभाषा नाही.

ज्या विद्यार्थ्याविषयी लिहायचे आहे तो याच वर्दळीतून आला. त्याचे नाव लिहीत नाही. तो हा मजकूर वाचणार आहे आणि नावाने ओळखले जाणे त्याला आवडत नाही. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामगार. मालक नव्हेत, खर्चीवालेही नव्हेत. दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीने चार माग सांभाळणारे. आई घर सांभाळून घडीच्या कामाला जाई. हा एकुलता मुलगा, शाळेत बरा, अक्षर सुरेख. बोलणे मोजके, तेही हळू. वर्गात तो काय म्हणाला हे दुसऱ्या बाकावरच्यालाही ऐकू येत नसे.

इचलकरंजी न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. १९०४ मध्ये तेव्हाच्या जहागिरीच्या आश्रयाने विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. पुढे गाव वाढले ते मागांच्या संगतीने. २०२२ मध्ये त्याची महानगरपालिका झाली. 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' हे बिरुद शाळेच्या निबंधांतून अजून फिरते. ते वाचताना कानांना जे कळत नाही ते गावात पाऊल टाकताच कळते. शेडमध्ये चालू मागांचा आवाज असा असतो, की दोन माणसे शेजारी उभी राहिली तरी शब्द पोहोचत नाहीत. माणसे ओठांच्या हालचालीवर आणि हातांच्या खुणांवर बोलतात. वीस-पंचवीस वर्षे तिथे काढलेल्या माणसाला घरी आल्यावर कमी ऐकू येते आणि तो स्वतः मोठ्याने बोलतो. या विद्यार्थ्याच्या घरी वडील मोठ्याने बोलत आणि मुलगा हळू. घरातले बरेच काही त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत राहून जात असावे.

त्याची आकांक्षा अगदी स्पष्ट होती. त्याला उपजिल्हाधिकारी व्हायचे होते. ते नाही तर तहसीलदार. तेही नाही तर मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी. पदांची ही उतरंड त्याला पाठ होती. आपल्याकडे अशा आकांक्षेची चेष्टा करण्याची एक सुशिक्षित पद्धत आहे आणि ती मला मान्य नाही. बारा तासांची पाळी, रोकड मजुरी, पेन्शन नाही, आणि मालकाने 'उद्यापासून येऊ नको' म्हटले की संपले, अशा घरातल्या मुलाला शासनाची खुर्ची दिसते तेव्हा तो सत्तेचे स्वप्न पाहत असतोच असे नाही. महिन्याच्या एका ठरावीक तारखेचे स्वप्न पाहत असतो. अडचण आकांक्षेत नव्हती. तिच्यात त्याच्या गावाला, घराला, वडिलांच्या कामाला कुठेच जागा नव्हती, ही होती. ते सगळे ओलांडून जाण्याची वस्तू होती. दहावीनंतर त्याने वडिलांच्या शेडमध्ये पाऊल टाकले नव्हते. डबा पोहोचवायचा झाला तरी तो दारातल्या दिवाणजीकडे देऊन परत फिरे.

आणि हाच मुलगा 'अनुभव' या शब्दावर उत्तम टिपण लिहून आणी. मराठी समीक्षेत या शब्दाइतका राबवलेला शब्द दुसरा नसेल. अनुभवाची सच्चाई, अनुभवविश्व, अनुभवाचे कलारूप... मर्ढेकरांच्या आत्मनिष्ठेच्या कल्पनेवर त्याने पाच गुणांचे उत्तर असे लिहिले होते, की त्यात काढून टाकण्यासारखे एकही वाक्य नव्हते. सगळा अनुभव दुसऱ्यांचा होता, एवढेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने अभ्यासक्रमात 'क्षेत्र प्रकल्प' नावाचा प्रकार आला. त्याची आमच्या प्राध्यापक कक्षात पुष्कळ टिंगल झाली आणि ती सगळीच अनाठायी होती असे नाही. आंतरजालावरून उतरवलेले, सुबक मुखपृष्ठाचे शेकडो प्रकल्प तपासणे हा काही बौद्धिक आनंद नव्हे. या विद्यार्थ्याने 'संतसाहित्यातील मानवतावाद' असा विषय लिहून आणला. मी त्याला विचारले, 'क्षेत्र कुठले?' तो म्हणाला, 'पंढरपूर.' 'जाणार आहेस?' तो गप्प. मग त्याला यंत्रमागाच्या धंद्यातले शब्द गोळा करायला सांगितले. शंभर शब्द, प्रत्येकाचा अर्थ, आणि तो कुणाकडून ऐकला याची नोंद. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला नाराजी म्हणणे कमी होईल. आपल्याला पुन्हा तिथेच ढकलले जाते आहे, असे ते होते.

पहिल्या आठवड्यात भ्रमणध्वनीवर केलेले ध्वनिमुद्रण घेऊन तो आला. त्यात मागाच्या खडखडाटाशिवाय काहीही नव्हते. त्याला वाटले, सुटलो. पण शेडच्या बाहेर चहाची टपरी होती, माग बंद असण्याचा दिवस होता, आणि घर तर होतेच. शब्द येऊ लागले. बीम, सायझिंग, कांडी, धोटा, फणी, वही, पिक, खटका, जॉबर, मेंडिंग, घडी. त्यातला 'धोटा' आम्ही ग्रंथालयात मोल्सवर्थच्या कोशात पाहिला. मूळ कोश १८३१ चा, हाताशी होती ती १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची पुनर्मुद्रित प्रत. वडिलांच्या तोंडचा शब्द इतक्या जुन्या, जाड पुस्तकात इंग्रजी अर्थासह छापलेला पाहून तो हसला. मी त्याला वर्गात तसे हसताना पाहिले नव्हते.

त्याहून महत्त्वाचे काही त्याला स्वतःला सापडले. यादीतले निम्मे शब्द मुळात इंग्रजी होते. त्याची समजूत अशी, की वडिलांना इंग्रजी येत नाही. बँकेचा अर्ज तोच भरून देई. आणि इथे वडील चाळीसेक इंग्रजी शब्द मराठी प्रत्यय लावून, अनेकवचने करून, त्यांतून क्रियापदे घडवून वापरत होते. भाषाविज्ञानाच्या तासाला 'आदान' आणि 'अनुकूलन' शिकताना त्याने जी उदाहरणे पाठ केली होती ती टेबल आणि स्टेशनची. ही संकल्पना आपल्या घरात रोज संध्याकाळी जेवायला बसते हे त्याला नवे होते.

पण शब्द गोळा करणे हे सोपे काम. कस लागतो तो व्याख्येत. 'वही' या शब्दापुढे त्याने लिहिले होते : यंत्रमागाचा एक भाग. मी ते परत दिले. दुसऱ्या वेळी : धागे वर-खाली करणारा भाग. तेही परत. तो चिडला, चिडला तरी आवाज चढत नाही, कान लाल होतात. 'सर, जे बघितलंय ते सगळ्यांनाच माहिती असतं, ते लिहायचं कशाला?' मी म्हणालो, 'मला माहीत नाही. माझ्यासाठी लिही.' तिसऱ्या वेळी त्याने आणले ते असे : 'उभ्या धाग्यांचे गट आळीपाळीने वर-खाली करून मधून धोट्याला वाट करून देणारी तारांची चौकट. प्रत्येक तारेला मधोमध डोळा असतो व त्यातून धागा ओवलेला असतो. पुढे हे धागे फणीच्या दातांतून जातात. बीम नवा भरताना ही ओवणी करणारा तो वहिफणी कामगार. ओवताना एक धागा चुकला तर दोष संपूर्ण ताग्यात उभा राहतो.'

शेवटचे वाक्य त्याचे नव्हते. व्याख्या घरी वाचून दाखवली तेव्हा वडील म्हणाले होते, 'आणि एक धागा चुकला तर? त्ये लिही की. तेच तर म्हत्त्वाचं हाय.' मी गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासतो आहे. इतकी नेमकी संपादकीय सूचना मी क्वचितच केली असेल. त्या दिवसापासून प्रत्येक नोंद दोघांच्या हाताखालून जाऊ लागली. वडिलांना वाचायला फारसे जमत नसे, म्हणून मुलाने वाचून दाखवायचे. आणि त्यांना कमी ऐकू येई, म्हणून मोठ्याने वाचायचे. वर्गात त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचू लागला तो याच सुमारास. व्यक्तिमत्त्वविकासाच्या ज्या कार्यशाळा महाविद्यालयात होतात त्यांच्या अहवालात हा बदल बसवण्याचा मोह मी टाळला.

सगळेच काही असे गोड झाले नाही. कांडी भरणाऱ्या एका बाईंनी त्याला सरळ उभे केले : 'माझं नाव लिहून काय करणार? पगार वाढणार हाय व्हय?' याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. एका मालकाने त्याला संघटनेचा माणूस समजून शेडबाहेर काढले. 'पिक' या शब्दाने तर त्याला बरेच अडचणीत आणले. एका इंचात आडवे किती धागे बसले ती संख्या म्हणजे पिक. मजुरीचा दर इथे ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, असा बोलला जातो. ही व्याख्या लिहायची तर मजुरीचा हिशेब समजून घ्यावा लागतो, आणि तो समजून घ्यायचा तर वडिलांना महिन्याला नेमके किती मिळतात हे विचारावे लागते. एकोणीस वर्षांच्या मुलाने ते कधी विचारले नव्हते. त्याने विचारले. आकडा त्याने मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. त्या आठवड्यात त्याने पुण्याच्या अभ्यासिकेत राहायला जाण्याचा बेत रद्द केला, एवढे मला कळले. त्याच्या एका मित्राला ही माघार वाटली. मला वाटले, त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या आकांक्षेची किंमत कुणाच्या खिशातून जाते ते मोजून पाहिले.

विद्यापीठातल्या बोलीविषयक कार्यशाळेसाठी आम्ही त्याला कोल्हापूरला पाठवले. घरापासून अंतर तासाभराचे, पण बाहेरगावी दोन रात्री राहण्याची त्याची ती पहिलीच वेळ. तिथे सोलापूरची एक विद्यार्थिनी भेटली; घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातली. तिच्याकडे त्याच वस्तूंना वेगळी नावे होती, काही तेलुगू, काही तिसरीच. दोघांनी जेवणाच्या सुट्टीत आपापल्या याद्या समोरासमोर ठेवल्या. परत आल्यावर तो मला म्हणाला, 'सर, मला वाटायचं हे फक्त आमच्या गल्लीचं आहे.' मालेगाव, भिवंडी, विटे, सोलापूर ही यंत्रमागाची गावे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्याने पाठ केलेली होती. आता प्रत्येक गावात आपल्या वहीला काय म्हणत असतील, असा प्रश्न त्याला पडू लागला.

वाचनावर याचा काय परिणाम झाला, हे साहित्याच्या शिक्षकांना अधिक जिज्ञासेचे वाटेल. तिसऱ्या वर्षाला आम्ही जयंत पवार यांचे 'अधांतर' वाचत होतो. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव, चाळीतले एक घर, त्यातली भांडणे. वर्गात नेहमीची चर्चा चालली होती : विस्थापन, कुटुंबाची पडझड, मूल्यांचा ऱ्हास. हा उठून म्हणाला, 'सर, ह्या घरात एवढं बोलणं आहे, कारण गिरणी बंद आहे. आमच्याकडे माग चालू असतात तेव्हा घरात कोण बोलत नाही. झोपतात.' वर्ग क्षणभर थांबला. मीही थांबलो. कामगारजीवनाचे आपले बरेचसे साहित्य काम थांबल्यानंतर बोलू लागते, ही गोष्ट त्याने एका वाक्यात समोर ठेवली होती. नारायण सुर्वे यांची कविता मी त्याच्या पुढ्यात ठेवली. गिरणीत प्रत्यक्ष राबलेला कवी. ती त्याने दोन दिवस वाचली, आवडलीही. पण म्हणाला, 'माणसं आहेत, मशीन लांब आहे.' त्याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पण असहमत होण्यासाठी मला सुर्वे पुन्हा काढून वाचावे लागले. मर्ढेकरांवरच्या त्याच्या त्या निर्दोष उत्तराने माझ्यावर अशी वेळ कधीच आणली नव्हती.

एम.ए.ला आल्यावर एकदा त्याने विचारले, 'सर, कोश करणाऱ्या लोकांना पगार किती असतो?' प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला. अशा वेळी शिक्षकाने उत्साहाच्या भरात मुलाचे नुकसान करू नये. मी त्याला वाईच्या विश्वकोशाबद्दल सांगितले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे काम, १९७६ मध्ये निघालेला पहिला खंड. दाते-कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश कसा उभा केला तेही सांगितले. आणि मग हेही सांगितले, की मराठीत या कामावर पोट भरणाऱ्यांची संख्या कोणत्याही काळी फार मोठी नव्हती. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले गेले. पेढा हातात घेऊन त्याने विचारले होते, 'जागा निघतील काय?' अजून तरी त्याला होकारार्थी उत्तर देता येत नाही.

तेव्हा तो स्पर्धा परीक्षा देतोच आहे. एकदा पूर्वपरीक्षेत थोडक्यात हुकला. पदांची उतरंड अजून तोंडपाठ आहे. फक्त तिच्या शेजारी आता दुसरेही काही आहे. सेट देण्याचा विचार आहे. मध्यंतरी त्याला एका संस्थेकडून भाषांतराचे काम मिळाले, यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्याचे. मोबदला शब्दागणिक. माहितीपुस्तिकेतल्या इंग्रजी वाक्याचे मराठी करताना तो अडत नाही, कारण 'यंत्राचा एक भाग' असे लिहून सुटका होत नाही हे त्याला आधीच कळले आहे. पहिल्या बिलाचा हिशेब त्याने घरी समजावून सांगितला : अमुक शब्द, शब्दामागे इतके पैसे. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'म्हंजे तुझंबी पिकावरच हाय की.' हे सांगताना तो हसत होता. मला हसावे की नाही ते कळेना.

शंभर शब्दांची यादी आता दोनशेच्या पुढे गेली आहे आणि ती कोणत्याही गुणांसाठी नाही. गावात जुने साधे माग भंगारात जात आहेत, त्यांच्या जागी बिनधोट्याचे रॅपियर आणि एअरजेट येत आहेत. नव्या यंत्राला धोटा नाही, म्हणून कांडी नाही, म्हणून कांडी भरणाऱ्या त्या बाईही नाहीत. त्या आता कुठे काम करतात याचा त्याने शोध घेतला. पत्ता लागला नाही. नव्या शेडमध्ये कामाला बरेच ओडिशाचे आणि बिहारचे तरुण आहेत. त्यांच्याकडून एअरजेटचे शब्द घ्यायचे तर हिंदी बोलावे लागते आणि आवाज तिथेही आहेच. गेल्या महिन्यात तो यादी घेऊन आला तेव्हा नव्या शब्दांपुढचे अर्थाचे रकाने बरेचसे रिकामे होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, 'सर, अजून बघितलं नाही. बघितल्यावर लिहितो.'